जुना कन्सोल शूटर विकत घ्यावा की नाही, हे कसं ठरवावं

जुन्या फर्स्ट-पर्सन शूटरबद्दल, म्हणजे पात्राच्या डोळ्यांनी पाहत खेळायच्या गोळीबाराच्या गेमबद्दल, लोक भरभरून बोलतात, तेव्हा त्यातलं निम्मं बोलणं त्या काळी सोबत खेळणाऱ्या मित्रांबद्दल असतं. आज तो गेम घेतलात तर ते मित्र डिस्कसोबत येत नाहीत. त्यामुळे गेम किती गाजला होता याला मी फारसं महत्त्व देत नाही. आज, माझ्या घरी, माझ्या कन्सोलवर त्यातलं काय शिल्लक आहे, एवढं मी पाहतो.

हे मला एका फसलेल्या खरेदीनं शिकवलं. एका नावाजलेल्या शूटरची डिस्क मी आणली, लावली, आणि मेनूमधला जवळजवळ प्रत्येक पर्याय सर्व्हर शोधत बसला. चालू होता तो फक्त सराव. त्यानंतर मी एक क्रमच ठरवून घेतला. खाली तोच देतो आहे. क्रम शक्यतो मोडू नका, कारण पहिल्याच पायरीवर उत्तर 'नाही' आलं तर पुढचा सगळा वेळ वाचतो.

१. आधी पाहा, तुमच्या कन्सोलवर तो चालतो का

प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे गेम चालतात, पण प्लेस्टेशन ३ किंवा २ ची डिस्क तो वाचत नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स जुन्या एक्सबॉक्सच्या आणि एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क स्वीकारतो, मात्र मायक्रोसॉफ्टच्या सुसंगत, म्हणजे नव्या कन्सोलवरही चालणाऱ्या, जुन्या गेमच्या यादीत असलेल्याच. त्या यादीत शेवटची मोठी भर नोव्हेंबर २०२१ मध्ये पडली. अशा वेळी डिस्क म्हणजे फक्त मालकीचा पुरावा असतो, प्रत्यक्ष गेम इंटरनेटवरून डाउनलोड होतो. एक्सबॉक्स सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती यांना मुळात डिस्क ड्राइव्हच नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत नेमकं तेच विसरलं जातं.

जुनाच कन्सोल वापरत असाल तर रीजन तपासा, म्हणजे डिस्क जगातल्या कुठल्या भागातल्या कन्सोलसाठी आहे ते. प्लेस्टेशन ३ चे गेम बहुतेक कुठल्याही रीजनचे चालतात. एक्सबॉक्स ३६० वर ते प्रकाशकानं ठरवलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक गेमचं वेगळं पाहावं लागतं. त्याआधीच्या पिढ्यांत 'पाल' (PAL, युरोपातली टीव्ही पद्धत) आवृत्त्या बहुतेक ५० हर्ट्झवर चालायच्या, आणि काही गेम तर ६० हर्ट्झच्या आवृत्तीपेक्षा सरळसरळ संथ व्हायचे. शूटरमध्ये हा फरक बोटांना लगेच कळतो.

डिजिटल प्रत घ्यायची असेल तर दुकान उघडं आहे का ते पाहा. निन्टेन्डोच्या वी यू आणि थ्रीडीएस या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ रोजी. ३६० चे सुसंगत गेम मात्र नव्या एक्सबॉक्सच्या दुकानात अजून विकत मिळतात.

२. गेमचे भाग सुटे करा, आणि जिवंत कोणता ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कन्सोल शूटरचे साधारण तीन भाग असतात: एकट्यानं खेळायची मोहीम, म्हणजे कॅम्पेन, एकाच टीव्हीसमोर बसून, पडदा वाटून घेऊन खेळायचं स्प्लिट-स्क्रीन, आणि ऑनलाइन मल्टिप्लेअर. पहिले दोन डिस्कमध्ये असतात आणि डिस्क चालते तोवर टिकतात. तिसरा दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असतो, आणि तो सर्व्हर कधीतरी बंद होतोच.

प्लेस्टेशन ३ वरचा 'मॅग' हा २०१० चा गेम घ्या. एकाच लढाईत २५६ खेळाडू ही त्याची ख्याती. जानेवारी २०१४ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. त्यात एकट्यानं खेळायची मोहीम नव्हती, त्यामुळे आज त्याची डिस्क म्हणजे शोभेची वस्तू. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'रेझिस्टन्स' मालिकेतल्या तीन गेमचं ऑनलाइनही बंद झालं, पण त्यांच्या मोहिमा शाबूत आहेत. पहिला 'रेझिस्टन्स: फॉल ऑफ मॅन' तर दोघांना स्प्लिट-स्क्रीनवर मोहीम सोबत खेळू देतो. कन्सोल एकच, सर्व्हर बंद होण्याचं वर्षही एकच, पण एक गेम संपला आणि दुसरा आजही घेण्यासारखा आहे.

आणखी काही तारखा हाताशी असू द्या. मूळ एक्सबॉक्सच्या गेमसाठीची एक्सबॉक्स लाइव्ह सेवा एप्रिल २०१० मध्ये थांबली, आणि तिच्याबरोबर 'हेलो २' चं मूळ ऑनलाइनही. एक्सबॉक्स ३६० वरच्या 'हेलो' गेमचे सर्व्हर जानेवारी २०२२ मध्ये बंद झाले. 'बॅटलफील्ड: बॅड कंपनी २' चं ऑनलाइन डिसेंबर २०२३ मध्ये गेलं. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरच्या 'बॅटलफील्ड ३' आणि '४' चं नोव्हेंबर २०२४ मध्ये. 'बॅड कंपनी २' ची मोहीम मला मनापासून आवडते आणि तिच्यासाठी तो गेम घ्यावा असं मी म्हणेन. 'बॅटलफील्ड ३' बद्दल तसं म्हणवत नाही. त्या गेमचा जीव मोठ्या मैदानावरच्या ऑनलाइन लढायांत होता, मोहीम तोंडी लावण्यापुरती.

सर्व्हर चालू आहे याचा अर्थ तिथे माणसं आहेत असा होत नाही. उलटही घडतं. जुलै २०२३ मध्ये एक्सबॉक्सवरच्या जुन्या 'कॉल ऑफ ड्यूटी' गेमचं बिघडलेलं मॅचमेकिंग, म्हणजे खेळाडूंची आपोआप जुळणी, दुरुस्त झालं, आणि वर्षानुवर्षं ओस पडलेल्या लॉबी, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात त्या जागा, पुन्हा भरल्या. अशी गर्दी किती टिकेल याचा भरवसा नसतो. म्हणून गेल्या महिना-दोन महिन्यांत कुणी तो गेम ऑनलाइन खेळतानाचं रेकॉर्डिंग टाकलं आहे का ते शोधा. त्यात सामना जमायला किती वेळ लागला, किती खेळाडू आले आणि कुणी फसवणुकीची साधनं वापरत होतं का, हे पाहा. जुन्या लॉबींवर देखरेख फारशी उरलेली नसते.

बॉक्सची मागची बाजूही वाचा. खेळाडूंची संख्या, सिस्टम लिंक, ऑनलाइन हे सगळं तिथे छापलेलं असतं. सिस्टम लिंक म्हणजे केबलनं कन्सोल जोडून खेळण्याची सोय. तिला कुठलाही सर्व्हर लागत नाही. पहिला 'हेलो' २००१ मध्ये आला तेव्हा चार एक्सबॉक्स जोडून सोळा जण खेळायचे, आणि ते आजही तसंच जमतं.

घरात दुसरा कंट्रोलर धरणारं कुणी असेल तर स्प्लिट-स्क्रीनवाल्या गेमना झुकतं माप द्या. 'गोल्डनआय ००७', 'परफेक्ट डार्क', 'टाइमस्प्लिटर्स २' या तिन्ही गेममध्ये एका टीव्हीवर चौघांना खेळता येतं. त्यातल्या शेवटच्या दोघांत संगणकानं चालवलेले प्रतिस्पर्धीही आहेत, म्हणजे एकट्यालाही सामना खेळता येतो. जुन्या शूटरमध्ये सर्वांत कमी शिळं होणारं काही असेल तर ते हेच.

एक सापळा सांगतो. नाव एकच असलं तरी प्रत्येक कन्सोलवरचा गेम सारखा असेलच असं नाही. २०१५ चा 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ३' प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला तो मोहिमेशिवाय. नव्या कन्सोलवरची परीक्षणं वाचून जुन्या कन्सोलवरची डिस्क घेणारा हमखास फसतो. २०१८ च्या 'ब्लॅक ऑप्स ४' मध्ये तर पारंपरिक मोहीम कुठेच नाही.

३. हाताला कसा लागतो ते पाहा

आज आपण कंट्रोलरवरच्या डाव्या स्टिकनं, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या छोट्या दांडीनं, चालतो आणि उजव्या स्टिकनं नेम धरतो, आणि याचा विचारही करत नाही. पूर्वी हे ठरलेलं नव्हतं. १९९७ चा 'गोल्डनआय' ज्या निन्टेन्डो ६४ साठी बनला, त्याच्या कंट्रोलरला स्टिकच एक होती. २००० मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या 'एलियन रेझरेक्शन' नं दोन स्टिकची आजची मांडणी वापरली, तेव्हा एका परीक्षकानं तिच्यावरच कडक टीका केली होती. पुढे 'हेलो' नं ती लोकांच्या हातात बसवली. त्यामुळे २००१ च्या आधीचा शूटर घेताना बटणांची मांडणी बदलता येते का, हे आधी शोधा. येत नसेल तर पहिले दोन तास बोटं अडखळणार, हे धरून चला. मला 'गोल्डनआय' साठी ते सोसावंसं वाटलं, पण प्रत्येकाला वाटेलच असं नाही.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात, हा दुसरा मुद्दा. 'कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर' आणि 'हेलो ३' दोन्ही २००७ चे. पहिला सेकंदाला ६० फ्रेमचं लक्ष्य ठेवून बनला, दुसरा ३० चं. ३० फ्रेमचा खेळही सुरेख असू शकतो, 'हेलो ३' आहेच. पण तुम्ही रोज ६० किंवा १२० वर खेळत असाल तर सुरुवातीला सगळं चिखलातून चालल्यासारखं वाटेल. ज्यांना फर्स्ट-पर्सन गेममध्ये मळमळतं त्यांनी पडद्यावर एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं, ती रुंदीही पाहावी. त्या काळच्या बहुतेक कन्सोल शूटरमध्ये ती अरुंद असते आणि सेटिंगमध्ये बदलता येत नाही.

हे तपासायला ट्रेलर उपयोगाचा नाही. मधल्या एखाद्या लेव्हलचं न कापलेलं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग पाहा, आणि ते खऱ्या कन्सोलवरचं आहे याची खात्री करा. पुष्कळ व्हिडिओ पीसीवरचे किंवा एम्युलेटरवर (कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चित्र वाढवून घेतलेले असतात. त्यात गेम दिसतो तसा तुमच्या टीव्हीवर दिसणार नाही. पाहताना स्वतःला विचारा: शत्रू ओळखू येतात का? मेल्यावर किती मागे जावं लागतं? 'गोल्डनआय' मध्ये मिशनच्या मध्ये चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर पुन्हा सुरू करायची मधली जागा, नाही, मेलात की मिशन पहिल्यापासून. काहींना त्यात गंमत वाटते, काही जण कंट्रोलर ठेवून उठतात.

टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्र दाखवण्यातला उशीर कमी करणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका. नेम उशिरा बसतो म्हणून गेमला दोष दिला जातो, आणि पुष्कळदा तो उशीर टीव्हीचा असतो.

४. त्याहून चांगली आवृत्ती आहे का?

'हेलो' मालिकेसाठी २०१४ चं 'मास्टर चीफ कलेक्शन' आहे. त्यात पहिल्या गेमचं जुनं आणि नवं चित्र एका बटणानं बदलून पाहता येतं. 'बायोशॉक' च्या तिन्ही गेमचा संच २०१६ मध्ये आला. 'मेट्रॉइड प्राइम' २००२ चा, त्याची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आली आणि तिच्यात दोन स्टिकची मांडणीही मिळाली. 'गोल्डनआय' जानेवारी २०२३ मध्ये एक्सबॉक्स आणि स्विचवर परतला. ऑनलाइन खेळायची सोय मात्र फक्त स्विचवर आहे. अशी आवृत्ती असताना मूळ डिस्कच्या मागे लागायचं ते संग्रहासाठी. खेळायला नवी आवृत्तीच घ्या.

याउलट, २००९ चा 'किलझोन २' डिस्कवर हवा असेल तर प्लेस्टेशन ३ ला पर्याय नाही. अशा गेमसाठी जुना कन्सोल बाळगण्यात अर्थ आहे.

एकाच पिढीतल्या दोन कन्सोलमध्येही डावं-उजवं असतं. २००७ चा 'ऑरेंज बॉक्स' हा संच, ज्यात 'हाफ-लाइफ २' होता, एक्सबॉक्स ३६० वर नीट चालायचा. प्लेस्टेशन ३ ची आवृत्ती वेगळ्या चमूनं केली आणि ती अडखळायची.

५. प्रत तपासा

ब्लू-रे डिस्कवर कडक थर असतो, त्यामुळे प्लेस्टेशन ३ च्या डिस्क बऱ्याच सोसतात. एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क डीव्हीडी आहेत, आणि चालू कन्सोल हलवला की त्यांच्यावर गोल, खोल चर पडतो. मधून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे चालतील, पण डिस्कभोवती फिरणारा चर दिसला तर ती प्रत सोडा. डिस्कची संख्याही मोजा. ३६० वरचा 'हेलो ४' दोन डिस्कचा आहे, आणि सेकंडहँड बॉक्समध्ये एकच उरलेली असू शकते. निन्टेन्डो ६४ घेत असाल तर कंट्रोलरची स्टिक हलवून पाहा. ती सैल पडलेली असेल तर नेम धरणं अशक्य होतं.

बॉक्समधले जास्तीच्या सामग्रीचे, एकदाच वापरता येणारे कोड वापरून झालेले आहेत असंच समजा.

६. किंमत शेवटी

किंमत मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती आधी पाहिली की वरचं काही तपासावंसं वाटत नाही. त्या काळच्या बऱ्याच शूटरच्या मोहिमा पाच ते आठ तासांत संपतात. तेवढ्या तासांसाठी तुम्ही आनंदानं किती द्याल, तो आकडा आधी लिहून ठेवा. मग त्यात दुसरा कंट्रोलर, केबल, मेमरी कार्ड जे लागेल ते मिळवा, आणि मगच विक्रेत्याचा भाव पाहा. सीलबंद प्रतीचा भाव संग्राहक ठरवतात, खेळायला उघडी प्रत तेवढीच चांगली.

मोहीम लहान आहे एवढ्यावरून मात्र गेम नाकारू नका. प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्सवरचा २००६ चा 'ब्लॅक' छोटा आहे, मल्टिप्लेअर नाही. पण त्यातला बंदुकांचा आवाज आणि भोवतालच्या भिंतींचे उडणारे तुकडे आजही अंगावर येतात. मी तो परत परत खेळतो.

डिस्क घरी आली की त्याच दिवशी, परत करायची मुदत असताना, ती पूर्ण तपासा. पहिली लेव्हल चालली म्हणजे डिस्क चांगली असं होत नाही, खराब भाग सातव्या लेव्हलचा असू शकतो. एक्सबॉक्स ३६० ला हार्ड ड्राइव्ह असेल तर गेम तिच्यावर इन्स्टॉल करा. तसं करताना कन्सोल डिस्कवरचा सगळा डेटा वाचतो. इन्स्टॉल शंभर टक्क्यांपर्यंत गेलं तर प्रत ठेवा, मध्येच थांबलं तर डिस्क पुसून एकदा पुन्हा प्रयत्न करा, आणि दुसऱ्यांदाही त्याच जागी अडकलं तर परत करा.