जुन्या लाकडी सांगाड्याचे घर करताना आधी खांबांचे पाय पाहा

वडोदऱ्याच्या जुन्या पोळांतील (दाट वस्तीच्या गल्ल्यांतील) लाकडी सांगाड्याचा वाडा किंवा कोठार राहण्यायोग्य करून घेणार असाल, तर फरशी आणि रंग ठरवण्यापूर्वी खांबांचे पाय व भिंतीत शिरलेली तुळयांची टोके तपासून घ्यावीत, कारण ओल आणि वाळवी बहुधा तेथूनच शिरतात. अणकुचीदार स्क्रू ड्रायव्हर हलक्या हाताने दाबल्यास तो चांगल्या सागात अडतो, कुजलेल्या लाकडात मात्र सहज रुततो. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल, तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. म्हणून ओलावामापकाने पावसाळ्याच्या अखेरीस नोंदी घ्याव्यात.

सिमेंट टाळण्याच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे. विटा, माती आणि चुन्याची जुनी भिंत शोषलेली ओल हळूहळू बाहेर सोडत असते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ती ओल आत कोंडून लाकडापर्यंत पोहोचते आणि बाहेरून काहीही न दिसता तुळईचे टोक कुजत जाते. गिलावा चुन्याचाच करावा. जमिनीची पातळी वाढवताना खांबांखालचे दगडी तळखडे गाडले जाणार नाहीत, हेही पाहावे. (वडोदऱ्यातील जुना तांबेकर वाडा पाहून आल्यास जुन्या लाकूडकामाची चांगली कल्पना येते.)

खांब कुजला असल्यास तो पूर्ण बदलण्याची गरज नसते. संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली टेकू देऊन खराब भाग तेवढा कापावा आणि तेथे वाळलेले सागवान सांधावे.