बास्केटबॉल: जिल्हा जिंकायच्या नादात या चुका टाळा

शालेय स्पर्धा तोंडावर आल्या की पालक विचारतात, "सर, पोरगं नॅशनलला कधी जाणार?" जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशा पायऱ्या आहेत. आपली बहुतेक गुणी पोरं अडतात ती राज्याच्या निवड चाचणीत. त्याचं कारण बाराव्या-तेराव्या वर्षी आपणच करून ठेवलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उंच पोराला रिंगखाली उभं करणं. ही मी स्वतः केली आहे. माझ्याकडं एक पोरगा होता, तेराव्या वर्षीच पावणेसहा फूट. "हात वर ठेव, बॉल येईल, टाक," एवढंच मी त्याला शिकवलं. दोन वर्षं जिल्हा आमचाच. पुढं त्याची उंची सहा फुटांवर थांबली. राज्याच्या चाचणीत वीतभर उंच पोरं आली होती, म्हणून निवडकर्त्यांनी त्याला बॉल टप्पे देत पुढं आणायला सांगितलं. आठ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडायचं असतं. समोरच्यानं उजवी बाजू बंद केली आणि डाव्या हातानं बॉल दोनदा त्याच्याच पायावर आदळला. परतताना कराड मागं पडलं तरी एसटीत तो एक शब्द बोलला नाही. ती चूक त्याची नव्हती.

२०१५ साली आपल्या सतनाम सिंगची एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, निवड झाली. रिंगखाली खेळणारा तो सात फुटांच्या वर आहे. आपल्या गल्लीतला 'उंच' पोरगा सव्वासहा फुटांवर थांबला, तर वरच्या पातळीवर त्याला रिंगपासून लांब, बाहेरूनच खेळावं लागणार. म्हणून माझ्याकडं १५ वर्षांपर्यंत कुणाची जागा ठरलेली नसते. टप्पे देत बॉल पुढं सगळ्यांनीच आणायचा. रोजची पहिली २० मिनिटं फक्त डावा हात. पोरं कंटाळतात, पालक कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

दुसरी चूक दहा वर्षांच्या पोराच्या हातात मोठ्यांचा ७ नंबरचा बॉल देण्याची. लहान पोरांच्या मिनी बास्केटबॉलला ५ नंबरचा बॉल आणि २.६० मीटरवर रिंग असते. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटरवर. ताकद पुरत नाही म्हणून पोरगं कमरेपासून बॉल भिरकावतं, आणि ती सवय मोडायला पुढं दोन-दोन वर्षं जातात. रिंग खाली येत नसेल तर मी भिंतीवर खडूनं चौकोन काढून देतो. थ्री-पॉइंटचा, म्हणजे लांबून तीन गुण मारायचा हट्ट धरणाऱ्याला तर रिंगपासून दोन पावलांवरच उभा करतो.

१४ वर्षांखालच्या संघाला २-३ झोन लावून, म्हणजे पुढं दोन आणि मागं तीन पोरं नुसती जागा राखायला उभी करून, सामने काढू नका. माणसामागं माणूस धावायला शिकू दे, दहा गुणांनी हरला तरी चालेल.

उंची झपाट्यानं वाढताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, टेंगूळ येतं. स्प्रे मारून खेळवू नका. उड्या बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

वय चोरू नका. धाकट्यांना हरवत वाढलेलं पोरगं बरोबरीच्यांसमोर उघडं पडतं, आणि मनगटाचा एक्स-रे काढायची वेळ आली की प्रकरण तिथंच संपतं. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, हे जूनमध्येच बघून ठेवा.

आणि आपल्याकडचा पाऊस. सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरलं की दोन-दोन महिने सराव बंद पडतो, नेमका स्पर्धेच्या आधी. कोर्टवर जाऊ नका, पाय मोडेल. पण शाळेचा व्हरांडा कोरडा असतो. तिथं बॉल घेऊन या, डाव्या हाताला तेवढी जागा पुरते.