जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह लक्झरी सेडान घेण्याआधी कशी तपासावी

दहा-बारा वर्षांची ऑडी ए४ क्वाट्रो, बीएमडब्ल्यू ३ सिरीज एक्सड्राइव्ह किंवा मर्सिडीज सी-क्लास फोरमॅटिक (तिन्ही नावं ऑल-व्हील ड्राइव्हचीच, म्हणजे चारही चाकांना ताकद) समोर उभी असली की नजर आधी रंगावर जाते, मग लेदर सीटवर. माझीही तशीच गेली होती. त्या गाडीचे पुढचे दोन टायर कोरे होते आणि मागचे दोन झिजलेले. मला वाटलं, चला, दोन टायरचा खर्च वाचला. काही महिन्यांतच ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, उघडावी लागली. तेव्हापासून अशी कुठलीही गाडी पाहायला गेलो की मी आधी टायरपाशी उकिडवा बसतो.

जाण्याआधी: यंत्रणा कोणती ते शोधा

नाव एक असलं तरी आतली यंत्रणा वेगळी असू शकते. त्या काळातल्या ए४ क्वाट्रोमध्ये टॉर्सन नावाचं पूर्ण यांत्रिक सेंटर डिफरन्शियल असतं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर. ए३ क्वाट्रोमध्ये मात्र हॅल्डेक्स क्लच असतो. ती गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालते आणि गरजेप्रमाणे मागच्या चाकांना ताकद देते. व्होल्वो एस६० एडब्ल्यूडीचंही (ऑल-व्हील ड्राइव्ह) तसंच. एक्सड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसमधला क्लच एक छोटी इलेक्ट्रिक मोटर दाबते. यातलं काय आपल्या गाडीत आहे ते चेसिस नंबरवरून पक्कं करा, कारण पुढे काय तपासायचं ते त्यावर ठरतं.

टायर: इथे घाई करू नका

चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे आहेत का ते बघा. काही गाड्यांना कंपनीच मागे रुंद टायर देते, म्हणून माप दारावरच्या स्टिकरशी जुळवा. टायरच्या बाजूला डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मग खाचांची खोली मोजा, प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी: आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला. आतली कडा जास्त झिजलेली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे रबरी बुश बघायला हवेत.

खोलीतला फरक इतका का महत्त्वाचा? २२५/४५ आर १७ मापाच्या कोऱ्या टायरचा घेर जवळपास २ मीटर असतो. नक्षी ५ मिमी झिजली की घेर साधारण ३१ मिमीने कमी होतो आणि ते चाक दर किलोमीटरला सुमारे ८ फेरे जास्त घेतं. वळणावर चाकांचे फेरे कमी-जास्त होतातच, पण ते तेवढ्यापुरतं. हा फरक मात्र सरळ रस्त्यावरही सुटत नाही. क्लच असलेल्या गाडीत त्याच्या प्लेटा सतत घासत राहतात आणि तेल तापून खराब होतं. पुढच्या-मागच्या टायरमध्ये २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला की मी मालकाला थेट विचारतो, "असे किती दिवस चालवले?"

इंजिन थंड असतानाच सुरू करा

बोनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत खडखड आली तर टायमिंग चेनचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या साखळीचा, संशय घ्या. २००८ ते २०१२च्या सुमारातली ऑडीची २.० टीएफएसआय इंजिनं चेन टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) आणि तेल पिण्यासाठी कुख्यात आहेत. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये चेन इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते, त्यामुळे ते काम फार मोठं होतं.

मोकळ्या जागेत गोल फिरवा

कोरड्या, सपाट, रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता गाडी गोल फिरू द्या. दोन्ही बाजूंना फिरवा, मग रिव्हर्समध्येही. काच खाली, रेडिओ बंद. चाकाच्या गतीबरोबर टक-टक-टक आलं तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याचा सांधा, गेलाय. हँडब्रेक अर्धा ओढल्यासारखी गाडी अडखळली, उड्या मारल्यासारखी पुढे सरकली, तर पुढची-मागची चाकं एकमेकांना सोडत नाहीयेत: टायरचा फरक, सडलेलं तेल किंवा अडकलेला क्लच. थंडीत रुंद टायर पूर्ण वळणावर थोडे घासतात, ते वेगळं. उड्या सीटखाली स्पष्ट जाणवतात.

मग रस्त्यावर घ्या. हलक्या ॲक्सिलरेटरवर ४० ते ६०च्या वेगात गाडी थरथरली तर एक्सड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केस तपासून घ्या. वेगाबरोबर वाढणारी थरथर बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) जॉइंटची किंवा मधल्या बेअरिंगची असते.

हॅल्डेक्सच्या गाडीसाठी एक जास्तीची चाचणी: सुट्या खडीवर जरा जोरात गाडी उचला. पुढची चाकं नुसतीच फिरत राहिली आणि मागून ढकललं गेलं नाही, तर क्लच दाबणारा पंप मेलेला असू शकतो. पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये पंपाची जाळी क्लचच्या मळीने भरते आणि पंप जळतो. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही.

लिफ्टवर आणि स्कॅनरवर

खालून ट्रान्सफर केस, मागचं डिफरन्शियल आणि सीव्ही जॉइंटवरचे रबरी बूट ओले आहेत का बघा. बिलांमध्ये या तेलांच्या बदलाची नोंद शोधा. "कंपनीने लाइफटाइम ऑइल भरलंय" हे उत्तर मी मान्य करत नाही. स्कॅनर फक्त इंजिनाला नको, सगळ्या मॉड्यूलना, म्हणजे गाडीतल्या प्रत्येक छोट्या कॉम्प्युटरला, लावा. रेडिनेस चाचण्या (गाडी स्वतःच स्वतःच्या करते त्या तपासण्या) अपूर्ण दिसल्या तर बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असतील किंवा बॅटरी काढली असेल. मालक लिफ्टवर चढवायलाच नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

गाडी घेतलीच, तर ट्रान्सफर केस किंवा हॅल्डेक्स, जे असेल ते, आणि डिफरन्शियलचं तेल पहिल्या आठवड्यात बदला आणि ते निथळताना स्वतः उभे राहा. चुंबक असलेल्या प्लगवर करडी, मऊ पेस्ट दिसली तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे धातूचे कण लागले तर झाकण बसवण्याआधीच मेकॅनिकला दाखवा.