फेरीचे पैसे तासांत मोजा

मी २३ वर्षं मालाच्या गाडीच्या स्टेअरिंगवर होतो. त्यातली पहिली नऊ वर्षं मला माझा तासाचा दर माहीत नव्हता. फेरीमागे किती, किलोमीटरमागे किती, भत्ता किती, हे सगळं तोंडपाठ. पण तासाला किती पडतात असं कुणी विचारलं असतं, तर हसलो असतो. ड्रायव्हरला कसला आलाय तास!

मग एकदा एका गोदामाबाहेर गाडी ३१ तास खोळंबली. गेटवरचा माणूस म्हणायचा, ‘नंबर लागला की हाक मारतो.’ झोपावं तर रांग सरकायची, गाडी दोन हात पुढे घ्यावी लागायची. अखेर रात्री अकराला गाडी खाली झाली आणि पुढचं लोडिंग सकाळी सहाचं. पहाटे डाव्या चाकांखाली खडी वाजायला लागली तेव्हा माझे डोळे उघडले. ते मिटले होते, हेही तेव्हाच कळलं. हिशेबाला बसलो तर त्या ३१ तासांचे पैसे शून्य. मालक म्हणाला, ‘गाडी उभी होती, तू काय केलंस?’

त्या आठवड्यात वही घेतली. तुम्हीही घ्या, खिशात मावेल एवढी. प्रत्येक फेरीला एक पान. त्यावर वेळा लिहायच्या: भरायच्या ठिकाणी पोचलो कधी, आत घेतलं कधी, भरून निघालो कधी. खाली करायच्या ठिकाणी तेच तीन आकडे. मध्ये जिथे थांबलात ते. ‘पोचलो’ आणि ‘आत घेतलं’ हे दोन आकडे वेगळेच ठेवा, कारण खरी लबाडी त्या फटीत असते. गोदामाच्या रजिस्टरमध्ये गाडी आत गेल्याची वेळ पडते, तुम्ही बाहेर रस्त्यावर काढलेली रात्र कुठेच पडत नाही. म्हणून पोचल्या पोचल्या गेट दिसेल असा फोटो काढायचा आणि मालकाला पाठवायचा. खाली एवढंच लिहायचं: ‘गाडी ४.१० ला गेटवर लागली. बाहेर रांग आहे.’ भांडण नको, नुसती वेळ.

आता हिशेब. फेरीचे पैसे १०० धरा. गाडी चालवली १३ तास, भरायला थांबलो ६, खाली करायला ७, आणि ताडपत्री, दोर, टायर, वजनकाटा, कागदपत्रं यांत २. एकूण २८. आपण मनात १०० भागिले १३ करतो आणि तासाला पावणेआठ पडले म्हणून खूश होतो. २८ ने भागा, साडेतीन येतात. त्यातून वाटेतलं खाणं, अंघोळ, पार्किंग, फोन असे पदरचे १५ गेले की उरतात ८५, म्हणजे तासाला तीन. शेजारी ७० ची फेरी असेल, पण वेळ ठरवून गाडी आत घेत असतील, १५ तासांत मोकळे होत असाल आणि पदरचे ७ जात असतील, तर तासाला चारच्या वर पडतात. मोठी फेरी म्हणजे मोठी कमाई, हे मी नऊ वर्षं धरून बसलो होतो.

केबिनमध्ये पडून राहिलो ते काम की आराम? माझा नियम साधा आहे. हाक आली की उठून गाडी हलवावी लागणार असेल, तर ते काम. चावी काढून दोन मैल चालत जायला मोकळा असेन, तर आराम. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ च्या करारातही (क्रमांक १५३) अशी ताटकळण्याची वेळ, जिथे माणूस आपला वेळ हवा तसा वापरू शकत नाही, कामात धरण्याची सोय आहे. ड्रायव्हरमागे स्वतंत्र नोंदवहीही सांगितली आहे. करार मोजक्याच देशांनी स्वीकारला, ते सोडा. वही ठेवायला कुणाची मंजुरी लागत नाही.

हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी ताटकळत ठेवल्याच्या पैशांचं, बोलणं गाडी हलायच्या आधी करा, नंतर कुणी ऐकत नाही. किती तास फुकट, त्यापुढे तासाला किती, आणि पार्टीने, म्हणजे ज्याचा माल त्याने, हॉल्टिंग दिलं तर त्यातलं ड्रायव्हरला किती? तिसरा प्रश्न माझ्या एका मालकाला फार झोंबला होता. वर्षभर तो पार्टीकडून हॉल्टिंग घेत होता आणि मला म्हणत होता, मिळत नाही. तोंडी ठरलं तरी लगेच मेसेज टाका: ‘बोलल्याप्रमाणे पहिले ४ तास सोडून पुढे हॉल्टिंग.’ नुसतं ‘ठीक आहे’ आलं तरी पुरे.

कपातीचं थोडक्यात. पोतं फाटलेलं किंवा ओलं दिसलं तर बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, शेरा मारून घेतल्याशिवाय निघू नका. सील असेल तर नंबर वहीत. उचल घेतली की त्याच दिवशी लिहा. आणि डिझेलच्या अ‍ॅव्हरेजवरून पैसे कापले, तर रांगेतले तास दाखवा. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दोन-तीन लिटर पिऊ शकतं.

झोपेच्या बाबतीत मी हिशेबही करत नाही. वर सांगितलेल्या १९७९ च्या करारातच सलग चार तासांनंतर थांबा आणि दिवसाला नऊ तासच चालवणं आहे. युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि रस्त्यावर धोका वाढेल अशा पद्धतीने अंतरावर किंवा लवकर पोचवण्यावर पैसे द्यायला तिथे बंदी आहे. अमेरिकेत चालवायचे तास ११, पण तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. रांगेत गेलेला वेळ साधारणपणे त्या १४ मधूनच जातो. १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा चुकतो, असं प्रयोगांत दिसलंय. मला ते खडीच्या आवाजाने आधीच सांगितलं होतं. म्हणून रांगेतून सुटल्यावर मालकाने ‘निघ लगेच’ म्हटलं, तर ‘नाही’ म्हणत बसू नका. ‘पाच तास झोपून निघतो, सकाळी दहाला पोचतो, पार्टीला कळवा,’ असं सांगा. नुसत्या नकारावर वाद होतो, वेळ सांगितली की तो पुढचे फोन लावायला लागतो.

दर चार फेऱ्यांनी पानं घेऊन बसा आणि हिशेब भेटून करा, फोनवर नको. पानांचे फोटो घरी कुणाकडे तरी पाठवून ठेवा. माझी पहिली वही गाडीच्या केबिनमध्येच राहिली. मालकाने चावी काढून घेतली, त्याच दिवशी तीही गेली.