सिंचन-निचरा प्रकल्प: पर्यावरणीय परिणाम कसे तपासाल?

सुरुवात 'आधीची स्थिती' नोंदवण्यापासून करा. कालव्यात पाणी सुटल्यावर मोजमाप सुरू केलं, तर तुलना कशाशी करणार? लाभक्षेत्रात, विशेषतः सखल भागात आणि कालव्यालगत, निरीक्षण विहिरी घ्या. पावसाळ्याआधी आणि नंतर, किमान एक पूर्ण वर्ष पातळी मोजा. भूजल जमिनीपासून दोन मीटरच्या आत येऊ लागलं की सावध व्हा. केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी वर ओढलं जाऊन, क्षार वर चढतात.

मग क्षारांचा हिशेब मांडा. पाण्याची विद्युतवाहकता (त्यातल्या क्षारांचं माप) ०.५ डेसीसायमन प्रति मीटर असेल, तर लिटरमागे साधारण ३२० मिलिग्रॅम क्षार. हेक्टरी ६,००० घनमीटर पाणी दिलं की वर्षाला जवळपास १.९ टन क्षार शेतात. ते निचऱ्यातून बाहेर गेले नाहीत, तर मातीतच साठतात. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. सोडियमही तपासा, नुसत्या वाहकतेवरून चोपण (सोडियम जास्त असलेली) जमीन ओळखता येत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न: निचऱ्याचं पाणी जातं कुठे? कॅलिफोर्नियात केस्टरसन जलाशयात असं पाणी साठलं आणि १९८३ मध्ये तिथे सेलेनियममुळे विकृत पक्षीपिल्लं आढळली. म्हणून निचऱ्याच्या तोंडाशी, तसंच नदीत त्याच्या वर आणि खाली नमुने घ्या. नायट्रेट, कीटकनाशकं, सूक्ष्म धातू सगळं पाहा. निचऱ्याचं पाणी नदीत किती पातळ होईल हे ठरवताना नदीचा प्रवाह मात्र उन्हाळ्यातला धरा. वार्षिक सरासरीत कोरडे महिने लपतात.