रोजीची सकाळची दुआ: या चुका टाळा

फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजेनंतर, मशिदीच्या ओट्यावर मी पोरांकडून दुआ पाठ करून घेतो. रोजीसाठी, म्हणजे कमाईसाठी, काय वाचायचं, हे मात्र मोठी माणसंच जास्त विचारतात, आणि चुकाही त्यांच्याच जास्त असतात. दुआ ही:

‘अल्लाहुम्म इन्नी अस्अलुक इल्मन नाफिअन, व रिज्कन तय्यिबन, व अमलन मुतकब्बलन.’

या अल्लाह, मी तुझ्याकडे उपयोगी पडणारं इल्म (ज्ञान), पाक रोजी आणि कबूल होणारा अमल (कृती) मागतो. पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत उम्मे सलमा सांगतात की पैगंबरसाहेब (स.) फजरच्या नमाजेत सलाम फिरवल्यावर, म्हणजे नमाज संपवल्यावर, ही दुआ मागत. इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात ती आहे; हदीस म्हणजे पैगंबरसाहेबांच्या बोलण्या-वागण्याची नोंद. ओळभराची दुआ, पण लोक तिचीही पार वाट लावतात.

पहिली चूक मोबाइलवरून येते. ‘313 वेळा वाचा, 21 दिवसांत कर्ज फिटेल, 11 जणांना पाठवा.’ उम्मे सलमांच्या या रिवायतीत (सांगण्यात) ना आकडा आहे, ना मुदत, ना कुणाला पाठवायची अट. असले मेसेज मी उघडतही नाही. मन लावून एकदा वाचा आणि कामाला लागा.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका पोरानं फळांची हातगाडी टाकली होती. असाच मेसेज त्याला आला. फजर झाली की तो तसबीह (जपमाळ) घेऊन बसायचा, ते ऊन अंगावर येईपर्यंत. मार्केट यार्डात पोचायचा तेव्हा सौदे उरकलेले, चांगला माल उचललेला. मिळेल तो डागी माल भरायचा आणि वर चार चकचकीत संत्री लावायची. गिऱ्हाईक एकदा फसलं, दोनदा फसलं, मग शेजारच्या गाडीवर जायला लागलं. शेवटी माझ्याकडे आला. “चाचा, ही दुआ लागत नाही. दुसरी सांगा.”

मी गाडीवर जाऊन पेटीतला वरचा थर बाजूला केला. खालच्या संत्र्यांवर हिरवी बुरशी धरलेली, देठाशी बोट लावलं तर आत रुतत होतं. तिथंच उभं राहून त्याला मुस्लिम शरीफ या हदीससंग्रहातली हदीस सांगितली. पैगंबरसाहेबांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसानं भिजलं. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि म्हणाले, जो फसवतो तो माझा नाही.

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक. तोंडानं पाक रोजी मागायची आणि हातानं मापात मारायचं. मुस्लिम शरीफमध्येच धुळीनं माखलेल्या प्रवाशाची हदीस आहे. तो आभाळाकडे हात करून ‘या रब, या रब’ म्हणतो, पण खाणं, पिणं, कपडे सगळं हरामाचं. मग त्याची दुआ कबूल कशी व्हावी?

आणि वेळेचं काय? ‘या अल्लाह, माझ्या उम्मतीच्या (अनुयायांच्या) सकाळच्या वेळेत बरकत दे,’ ही पैगंबरसाहेबांची दुआ त्यांचे सोबती हजरत सख्र गामिदी सांगतात. सख्र स्वतः व्यापारी. माल दिवस उजाडतानाच रवाना करायचे, आणि त्यांची भरभराट झाली. तिरमिजी आणि अबू दाऊद, या दोन्ही हदीससंग्राहकांनी हे नोंदवलं आहे. ज्या वेळेत बरकत मागितली, तीच वेळ त्या पोरानं आकडे मोजण्यात घालवली. आता तो सलामानंतर दुआ मागतो आणि थेट यार्ड गाठतो. डागी फळं वेगळ्या टोपलीत, कमी भावानं, सांगून विकतो.

दुआ फ्रेम करून गल्ल्यामागे टांगायची आणि कधी वाचायची नाही, ही चूक तर घराघरांत.

उच्चार देवनागरीवरून पाठ करू नका. देवनागरीत अलिफ आणि ऐन ही दोन्ही अरबी अक्षरं ‘अ’च होतात, काफचे दोन्ही प्रकार ‘क’ होतात. ‘रिज्क’मधला ज ‘जमीन’मधला म्हणा, ‘जीवन’मधला नाही. बाकीचं इमामसाहेबांसमोर बसून दोन-चार सकाळी म्हणून दाखवा. व्हिडिओ ऐकून स्वतःची चूक स्वतःला कळत नाही.

आठवडाभर वाचून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे मला सगळ्यांत जास्त भेटतात. बुखारी आणि मुस्लिम, या दोन्ही हदीससंग्रहांत साफ आहे: दुआ मागितली पण कबूल झाली नाही, असं म्हणत घाई करू नये. वाचत राहा.

डोक्यावर कर्ज असेल तर हजरत अलींनी सांगितलेली, तिरमिजीतली दुआ जोडा: ‘अल्लाहुम्मक्फिनी बिहलालिक अन हरामिक, व अग्निनी बिफज्लिक अम्मन सिवाक.’ हलाल देऊन हरामापासून वाचव आणि तुझ्या फजलनं (कृपेनं) मला दुसऱ्या कुणापुढे हात पसरायला लावू नकोस, असा तिचा अर्थ. सावकाराला तारीख दिली असेल तर ती मात्र पाळा.

अरबी जिभेवर बसत नाही म्हणून दुआच सोडू नका. पाठ होईपर्यंत सलामानंतर हेच मराठीत मागा.