केबिन क्रूच्या दोन ऑफर लेटरची तुलना कशी करावी

दोन विमान कंपन्यांची ऑफर लेटर हाती आली, की घरात पहिला प्रश्न येतो तो इनहँड किती, हा. केबिन क्रूच्या पगाराचा मोठा भाग तासांवर ठरतो आणि तास मोजण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी असते. म्हणून आकडे ताडून पाहण्याआधी पैसे नेमके कोणत्या तासाचे मिळतात, हे शोधावे.

बहुतेक कंपन्या ब्लॉक अवर धरतात, म्हणजे उड्डाणासाठी विमान जागेवरून हलल्यापासून उतरल्यानंतर पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळ. रिपोर्टिंग, ब्रीफिंग, बोर्डिंग आणि दोन उड्डाणांमधला टर्नअराउंड हे त्यात येत नाहीत. मुंबई–गोवा अशा दोन फेऱ्या, म्हणजे चार सेक्टर (एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचे एक उड्डाण म्हणजे एक सेक्टर), केल्यास ब्लॉक अवर पाचच्या आसपास भरतात, पण ड्यूटी आठ तासांपर्यंत जाते. प्रवाशांना बसवणे, सामान लावून घेणे, दरवाजे सांभाळणे हे जबाबदारीचे काम ज्या वेळात होते, त्याच वेळाचे पैसे नसावेत, हे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेच्या डेल्टा या विमान कंपनीने २०२२ मध्ये बोर्डिंगसाठी निम्म्या दराने पैसे देणे सुरू केले. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या केबिन क्रूने केलेल्या संपातही जमिनीवरच्या बिनपगारी कामाचा मुद्दा अग्रभागी होता. काही कंपन्या तासाऐवजी सेक्टरमागे ठरावीक रक्कम देतात. लहान पल्ल्याच्या फेऱ्या अधिक असतील, तर ही पद्धत फायद्याची पडते.

पुढचा प्रश्न असा, की ब्लॉक अवर वेळापत्रकाप्रमाणे धरले जातात की प्रत्यक्षात लागलेले. मुंबईत हा तपशील जुलै महिन्यात चांगलाच जाणवतो. पावसामुळे विमान उतरण्याची वाट पाहत आकाशात घिरट्या घालू लागले, तर तो वेळ केवळ प्रत्यक्ष मोजणीतच धरला जातो. मात्र सुटण्यापूर्वीच दोन तास रखडले, तर दोन्ही पद्धतींत ब्लॉक वाढत नाही. दोन्हींपैकी जो आकडा मोठा तो धरण्याची तरतूद असेल, तर ती सर्वांत चांगली.

आता गणित मांडावे. समजा, एक कंपनी ₹२५,००० निश्चित आणि तासाला ₹३०० देते, तर दुसरी ₹३२,००० निश्चित आणि तासाला ₹२०० देते. महिन्याला ७० तास उड्डाण झाल्यास दोन्हींचे ₹४६,००० होतात. त्याहून कमी तासांत दुसरी सरस ठरते, अधिक तासांत पहिली. म्हणून नव्या क्रूला सरासरी किती तास मिळतात आणि किमान किती तासांची हमी आहे, हे विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये. स्टँडबायचे, म्हणजे बोलावणे आल्यास निघण्यासाठी तयार राहण्याचे, तसेच प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरी पाठवले जाण्याचे, म्हणजे डेडहेडचे, पैसे मिळतात का, हेही विचारावे.

निश्चित रकमेकडे आणखी एका कारणासाठी नीट पाहावे. आजारपणात किंवा गरोदरपणात उड्डाण थांबते आणि त्याबरोबर फ्लाइंग अलाउन्सही, म्हणजे तासांवर मिळणारा भत्ताही, थांबतो. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या हिशेबात हा भत्ता पूर्ण धरला जाईलच असे नाही, त्यामुळे निश्चित भाग फारच लहान असेल, तर त्याचा तोटा पुढे अनेक वर्षे सोसावा लागू शकतो.

आखाती कंपन्यांच्या पगारावर तिथे आयकर नसतो आणि राहण्याची सोय अनेकदा कंपनीकडून असते. तेव्हा मुंबईतल्या पगारातून भाडे वजा करून मगच तुलना करावी. इथल्या इथे तुलना करतानाही बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ, सांताक्रूझ–सहारचा की नवी मुंबईचा, आणि कंपनीच्या गाडीचा पिक-अप डोंबिवली किंवा विरारपर्यंत येतो का, हे पाहावे, कारण पहाटेच्या रिपोर्टिंगला टॅक्सीचे भाडे स्वतःच्या खिशातून भरावे लागले, तर तासाच्या दरातला फरक तिथेच संपतो. या सर्व प्रश्नांची उत्तरे एचआरकडून ईमेलवर लेखी घ्यावीत आणि प्रशिक्षणाच्या बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, त्यानंतरच सही करावी.